देवाच्या दारातून तुळशीच्या अंगणात

बाकीबाब बोरकरांची ‘संधिप्रकाशात’ ही कविता मी आधी ऐकली आणि पुष्कळ वर्षांनी वाचली. श्रावणातली संध्याकाळ होती. आमच्या वाड्यावरच्या देवळात भजन नुकतंच संपलं होतं. पखवाज अजून मांडीवरच होता आणि प्रसादाची वाट बघत मंडळी खांबांना टेकून बसली होती. अशा वेळी आमच्या भजनी मंडळातल्या एका वयस्क गवयाने टाळ खाली ठेवले आणि काही न सांगता, अगदी साध्या अभंगाच्या चालीत ही कविता म्हटली. चार-पाचच कडवी. संपली तेव्हा कोपऱ्यातल्या एका आजोबांनी विचारलं, “हो अभंग कोणाचो रे?”

“बाकीबाबाचो.”

आजोबा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “पूण ताचें ‘म्हणे’ खंय आसा?”

सगळे हसले. ‘तुका म्हणे’, ‘नामा म्हणे’, ‘एका जनार्दनी’ अशी नाममुद्रा आल्याशिवाय अभंग पुरा झाला असं आजोबांना वाटेना. मीही हसलो. पण तो प्रश्न माझ्या डोक्यातून गेला नाही. पुढे कविता पुस्तकात वाचली, बोटांवर अक्षरं मोजली, तेव्हा लक्षात आलं की आजोबांचा कान चुकला नव्हता. ऐकली होती ती रचना खरोखरच अभंगाची होती, आणि म्हणूनच तिला ‘म्हणे’ का नाही हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. आज त्याच प्रश्नाचा माग काढायचा आहे.

कविता इथे उतरवून देत नाही. गोव्यातल्या मराठी वाचकाला ती ठाऊक असते, नसल्यास बोरकरांचं पुस्तक काढून ती जरूर वाचावी. आशय थोडक्यात एवढाच. आयुष्याच्या अखेरीला आलेला एक माणूस आपल्या सखीशी बोलतो आहे. मावळतीला सोनेरी उजेड शिल्लक असतानाच आपले डोळे मिटावेत, त्या वेळी तिने स्वप्नासारखं जवळ असावं, जिवाची तगमग होऊ नये, ही त्याची इच्छा. मग दोन मागण्या. तिच्या घरी ज्याची कधी उणीव नाही ते तुळशीचं पान तिने आणावं आणि त्याबरोबर तिने स्वतः ओढलेलं पाणी द्यावं, कारण त्याहून मोठं तीर्थ त्याला माहीत नाही. शेवटी कोरड्या पडलेल्या ओठांना निरोप द्यावा. बस्स. ना आजाराचं वर्णन, ना गेल्या आयुष्याचा हिशेब, ना परलोकाची चौकशी.

आता रचना बघू. प्रत्येक कडव्यात चार चरण आहेत. पहिल्या तिन्हींत सहा-सहा अक्षरं, चौथ्यात चार. एकूण 22. दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणाचं यमक जुळलेलं. ऱ्हस्व-दीर्घाचा, लघु-गुरूचा काच नाही, नुसती अक्षरं मोजायची. हाच आपला मोठा अभंग. छंदशास्त्रात या रचनेला ‘देवद्वार’ छंद म्हणतात. ज्ञानदेवांच्या हरिपाठाचा पहिला अभंग देवाच्या दारात क्षणभर उभं राहण्याचं माहात्म्य सांगतो, त्यावरून हे नाव. म्हणजे या वृत्ताच्या नावातच देवाचं दार आहे, आणि हरिपाठ म्हणायची रीत संध्याकाळची. आपल्या कवितेची वेळही तीच. हा योगायोग असेल. पण ज्या कवीच्या कानावर लहानपणापासून भजन पडलं त्याच्या बाबतीत तो अगदीच कोरा योगायोग असेल असं मला वाटत नाही.

या चार चरणांमागे सातशे वर्षांचा प्रवास आहे. तेराव्या-चौदाव्या शतकात ज्ञानदेव-नामदेवांनी तो घडवला. अभंगाच्या चरणांचं आणि अक्षरांचं गणित सांगणारा एक अभंगच नामदेवांच्या नावावर आहे. पुढे एकनाथ आणि सतराव्या शतकात तुकाराम. तुकोबांच्या हाती तर हा छंद बोलण्याइतका सहज झाला. आमच्या मुलखातही तो भजनातून घरोघर पोचला. बांद्याचे सोहिरोबानाथ आंबिये, जे अठराव्या शतकात इथून निघून उत्तरेला ग्वाल्हेर-उज्जैनकडे गेले, त्यांची पदं आजही आमच्या भजनांत म्हटली जातात. पोर्तुगीज अमदानीत मराठी शाळा नव्हत्या किंवा नावापुरत्या होत्या तेव्हाही देवळातलं भजन, कीर्तन आणि घरातली पोथी यांनी इथल्या माणसाचा मराठी कान शाबूत ठेवला. देवळातल्या त्या आजोबांना छंदशास्त्र माहीत नव्हतं, पण सहा-सहा-सहा-चार त्यांच्या अंगात मुरलेलं होतं.

या परंपरेत म्हातारपण कसं येतं? बहुतेक वेळा इशारा म्हणून. कान जातील, दात पडतील, पोटची पोरं विचारणार नाहीत, तेव्हा वेळीच सावध हो, देवाला धर. बायको, मुलं, घर हा सगळा मोह आहे आणि अखेरीस कुणी कामाला येणार नाही, हे संतांनी नाना परींनी सांगितलं. ते खोटं होतं असं कोण म्हणेल? पण त्यामुळे एक झालं. देवद्वार छंदात म्हातारा माणूस बोलू लागला की तो घराकडे पाठ आणि देवाकडे तोंड करून बोलणार, हे ऐकणाऱ्याने जणू गृहीतच धरलं.

विसाव्या शतकात दोन कवींची या संदर्भात हटकून आठवण होते. पहिले भास्कर रामचंद्र तांबे (1873–1941), ग्वाल्हेरचे राजकवी. बोरकर त्यांना मानत, आणि त्यांच्या सुरुवातीच्या कवितेवर तांब्यांची छाया स्पष्ट दिसते. तांब्यांचं ‘मावळत्या दिनकरा’ सगळ्यांना पाठ असतं. तिथेही मावळती आहे, तिथेही म्हातारपण आहे. पण तांब्यांची संध्याकाळ चारचौघांतली आहे. उगवत्याला नमस्कार करणारं जग मावळत्याकडे पाठ फिरवतं, ही तिथली खंत. म्हातारा तिथे जगाशी बोलतो, निदान जगाबद्दल बोलतो. बोरकरांच्या संध्याकाळी जग नाहीच. दोन माणसं, एक तुळस आणि थोडं पाणी.

दुसरे बा. सी. मर्ढेकर. मर्ढेकरांचा जन्म 1 डिसेंबर 1909 चा आणि बोरकरांचा 30 नोव्हेंबर 1910 चा. दोघांत बरोबर एक वर्षाला एक दिवस कमी. दोघांनीही आकाशवाणीत नोकरी केली. मर्ढेकरांचा ‘काही कविता’ आणि बोरकरांचा ‘दूधसागर’ हे दोन्ही संग्रह 1947 चे. मर्ढेकरांनी संतांचा अभंग आणि ओवी उचलली आणि तीत गिरणीचा भोंगा, यंत्र, शहरातली चिरडलेली माणसं आणली. जुन्या पवित्र लयीत नवी किळस भरली की वाचक दचकतो, आणि मर्ढेकरांना तेच हवं होतं. बोरकरांनी तोच छंद हाती घेतला, पण दचकवण्यासाठी नव्हे. म्हणून त्यांनी काय बदललं हे चटकन लक्षातच येत नाही. देवळातल्या मंडळींनाही आलं नाही. त्यांनी कविता अभंग म्हणून ऐकली आणि माना डोलावल्या.

बोरकरांबद्दल दोन ओळी. जन्म कुडचड्याचा, घराणं बोरीचं. ‘प्रतिभा’ हा पहिला संग्रह 1930 चा, म्हणजे वयाच्या विशीतला. शिक्षकी केली, गोवामुक्तीच्या चळवळीत उतरले, पुढे पुणे आणि पणजी इथे आकाशवाणीवर काम केलं. मराठी आणि कोंकणी या दोन्ही भाषांत लिहिलं. ‘सासाय’ या कोंकणी संग्रहाला 1981 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला आणि त्याच सुमारास मराठीत ‘कांचनसंध्या’ हा संग्रह आला. या नावातही सोनं आणि संध्याकाळ एकत्र आहेत. 1984 साली ते गेले. आयुष्यभर त्यांच्यावर एक शिक्का राहिला, सौंदर्याचा कवी, आनंदाचा कवी. तो चुकीचा नाही. पण अशा शिक्क्यामुळे वाचक कवीच्या कारागिरीकडे बघेनासा होतो. गोड वाटलं की पुढे जातो.

म्हणून जरा थांबून कारागिरी बघू.

पहिल्या कडव्यात यमक नियमाप्रमाणे दोनच चरणांचं. दुसऱ्या आणि तिसऱ्या कडव्यात मात्र तिन्ही मोठ्या चरणांचे शेवट जुळतात. हरिपाठाच्या पहिल्या अभंगाच्या आरंभीही असंच तिहेरी यमक आहे. सखी जवळ असावी, तिने तुळस आणावी, हे सांगतानाच आवाज जास्तीत जास्त बिलगतो. पुढच्या कडव्यांत यमक पुन्हा दोनांवर येतं. म्हणजे नाद आधी घट्ट होतो आणि मग सैल पडतो. हात धरून नंतर सोडावा तसा.

क्रियापदं बघा. पहिल्या दोन कडव्यांत इच्छा आहे. ‘असं व्हावं’, ‘तू असावीस’, असा विध्यर्थी सूर. डोळे मिटण्याविषयीचं क्रियापद तर जुन्या पोथीतल्या वळणाचं आहे, संतांच्या बोलीतलं. नंतर सूर बदलतो. ‘आण’, ‘दे’, ‘दे’. साधा घरगुती आज्ञार्थ. दुपारी बाहेरून आलेला नवरा ओसरीवर बसून पाणी मागतो त्याच आवाजात हा माणूस शेवटचं पाणी मागतो. आणि अखेरच्या दोन चरणांत क्रियापदच उरत नाही. नुसती नामं आणि त्यांची विशेषणं. करायचं काहीच राहिलेलं नाही.

शिवाय तो चार अक्षरांचा चौथा चरण. भजनात टाळकरी या जागी मिळालेल्या मोकळ्या वेळात ध्रुपद उचलतात. एकट्याने कविता वाचताना मात्र तिथे श्वास कमी पडल्यासारखा होतो. प्रत्येक कडवं दोन अक्षरं आधीच संपतं. म्हातारपणाच्या कवितेला याहून योग्य छंद शोधून सापडला नसता, आणि कवीला तो शोधावा लागला नाही. देवळात तो आयता होता.

शरीराचा उल्लेखही मोजून मापून आहे. सुरुवातीला डोळे, मधे जीव, शेवटी ओठ. त्या ओठांचा कोरडेपणा सोडला तर म्हातारपणाची एकही खूण नाही. सुरकुत्या नाहीत, काठी नाही, खोकला नाही. संतांच्या अभंगांत जो देह भीती घालायला येतो तो इथे अजून काहीतरी घेऊ शकणारा आहे. उजेड घेऊ शकतो, पाणी घेऊ शकतो, निरोप घेऊ शकतो.

आता तुळस आणि पाणी. मरणाऱ्याच्या तोंडात तुळशीपत्र आणि गंगाजल घालायचं, ही आपल्याकडची सर्वांना ठाऊक असलेली रीत. त्यासाठी गंगेचा सीलबंद गडू देव्हाऱ्यात वर्षानुवर्षं जपून ठेवलेला असे. बोरकर तुळस ठेवतात आणि गंगा काढतात. तिच्या जागी येतं घरच्या बांयचं पाणी, तेही तिने हाताने ओढलेलं. ज्यांनी रहाटावरून कळशी ओढणारी आई-आजी पाहिली आहे त्यांना या एका तपशिलाचं वजन वेगळं सांगायला नको. दिवसाच्या किती खेपा, तळहाताला पडलेले घट्टे, पावसाळ्यात निसरडा झालेला काठ. काशीयात्रेने मिळणारं पुण्य या माणसाला त्या श्रमांत दिसतं.

आणि तुळशीबद्दल एक गोष्ट, जी मला कुठल्या समीक्षेतून नव्हे, आजीकडून कळली. सूर्य मावळल्यावर तुळशीचं पान खुडायचं नाही. दिवेलागणीला तुळशीपुढे दिवा लावायचा, हात जोडायचे, पण पानाला हात लावायचा नाही, ती झोपलेली असते. लहानपणी तिन्हीसांजेला तुळस ओरबाडली म्हणून मी धपाटा खाल्लेला आहे. हे आठवलं आणि कवितेचा आरंभ मला निराळा दिसू लागला. मावळतीला सोनं शिल्लक आहे तोवरच डोळे मिटावेत, ही नुसती सुंदर मरणाची हौस नाही. अंधार पडला तर सखीला तुळस खुडता येणार नाही. उजेड हवा तो त्याच्या डोळ्यांना आणि तिच्या हातालाही. कवीच्या मनात हे होतं असा माझा दावा नाही. पण ज्या अंगणातून ही कविता आली त्या अंगणाचा हा नियम आहे, आणि त्या नियमाने ती अधिक घट्ट बांधली जाते.

उरला तो ‘म्हणे’चा प्रश्न. अभंगाच्या अखेरीस संत आपलं नाव का घालतात? मी अमुक, असं म्हणतो, ही साक्ष. देवापुढे उभं राहून दिलेली. बोरकरांच्या कवितेत त्या जागी येते ‘भूल’. संतांच्या शब्दकोशात भूल म्हणजे माया, चुकवणारी, टाळायची गोष्ट. आयुष्यभर तिच्यातून सुटायचं आणि अखेरीस तर नक्कीच. इथे हा म्हातारा ती नाकारत नाही. असलीच भूल तर ही शेवटची, आणि तीही दे, असं तो मागतो. संतांचा छंद, संतांचा शब्द, आणि मागणं नेमकं उलट. तरी सूर बंडाचा नाही, लोचट लालसेचाही नाही. देवाच्या दारात उभं राहून ज्या नम्रतेने काही मागावं त्या नम्रतेने तो आपल्या घराच्या दारात मागतो आहे. नाममुद्रा देवापुढे लागते. जिच्यासमोर आयुष्य गेलं तिला कोण बोलतो आहे हे सांगावं लागत नाही. आजोबांना तेव्हा हे उत्तर देता आलं असतं तर!

पण एवढ्यावर समाधान मानणं बरोबर नाही. ही कविता मी घरी वाचून दाखवली तेव्हा माझी बहीण म्हणाली, “सगळं तिनेच करायचं. पान तिने आणायचं, पाणी तिने ओढायचं, आणि रडायचंही नाही. तो गेल्यावर ती काय करणार ते कुठे आहे?” मला पटकन उत्तर सुचलं नाही. खरंच, ते कवितेत नाही. तगमग होऊ नये असं जे म्हटलं आहे ते त्याच्या जिवाबद्दल की तिच्या, हेही कवीने उघडं ठेवलं आहे. मी पुरुष वाचक म्हणून ते त्याच्याबद्दलच धरून चाललो होतो. बहिणीने ते तिच्याबद्दल ऐकलं. त्या काळच्या आमच्या घरांत मागे उरलेल्या बाईच्या वाट्याला काय यायचं ते आम्हा दोघांनाही आजीमुळे माहीत आहे. तुळशीवर तिचं पाणी घालणं चाललं, पण हळदी-कुंकवाला तिला कुणी बोलावलं नाही.

म्हणून मी ही कविता निर्दोष आहे असं म्हणणार नाही. ती एका बाजूची आहे. एवढं मात्र म्हणेन की त्या बाईचे श्रम तिने पाहिले आणि त्यांना तीर्थाच्या वर बसवलं. सातशे वर्षं ज्या छंदात बायको बहुतेक वेळा मोहाच्या यादीत होती, त्या छंदात हे झालं. ही लहान गोष्ट नव्हे.

आज आमच्या बांयवर जाळी आहे आणि आत पंप. बटन दाबलं की टाकी भरते. पाणी ओढतं असं घरात आता कुणी नाही, आणि बहुतेकांचा शेवट इस्पितळात होतो, जिथे खिडकीतून मावळती दिसेलच असं नाही. तुळस मात्र अजून आहे. आजीनंतर आई तिला पाणी घालते. तिच्या हाताला आता कंप असतो, निम्मं पाणी वृंदावनाच्या कठड्यावर सांडतं. परवा उन्हं उतरताना तिला दोन पानं हवी होती, काढ्यासाठी. मला हाक मारून म्हणाली, “लौकर खूड, मग काळोख पडतो.”

मी खुडली. पश्चिमेला थोडा उजेड होता.